शहाण्णव गुंजांचं खोटं नाणं

एका जंगलात मोबाइलचा टॉवर उभा राहिला, तेव्हापासूनची ही गोष्ट आहे, मुलांनो. टॉवर कुणी उभा केला आणि कशासाठी, हे जंगलात कुणालाच ठाऊक नव्हतं. पण टॉवर आला म्हटल्यावर मोबाइल घ्यायला हवेत, एवढं सगळ्यांना कळत होतं. म्हणून सगळ्यांनी घेतले. मोबाइल घेतले म्हटल्यावर त्यांचं काहीतरी करायला हवं. म्हणून जंगल जुनी नाणी जमवायला लागलं.

नाणी कुठली, ते आधी सांगतो. फार पूर्वी तिथे पंचानन महाराज नावाचे सिंह राज्य करत होते. त्यांनी एकदा चांदीची नाणी पाडून घेतली. एका बाजूला महाराजांचं तोंड, दुसऱ्या बाजूला महाराजांची शेपटी. एकशे एक नाणी पाडून झाल्यावर प्रधानांच्या लक्षात आलं, की जनावरांना खिसे नसतात. नाणं ठेवायचं कुठे? टाकसाळ त्याच दिवशी बंद झाली. झालेली नाणी कुणी बिळात पुरली, कुणी गळ्यात बांधली, बरीचशी हरवली. जंगल पुन्हा पूर्वीसारखं मध देऊन मोहफुलं आणि मोहफुलं देऊन मध घेऊ लागलं.

आणि आता, तीन पिढ्यांनंतर, मोबाइलवर रोज सकाळी लिलाव व्हायला लागला. 'अस्सल पंचाननी नाणं. एकच नग शिल्लक.' दुसऱ्या दिवशी पुन्हा एकच नग शिल्लक. तिसऱ्या दिवशीही.

लिलाव चालवायचा मोतीराम मुंगूस. टॉवरच्या मागे त्याचं बीळ होतं आणि बिळातून दिवसभर धूर यायचा. कशाचा धूर म्हणून कुणी विचारलं, की तो म्हणायचा, "घरी पाहुणे आलेत. स्वयंपाक चाललाय." तीन महिने झाले तरी पाहुणे हलले नव्हते.

त्या तीन महिन्यांत एकशे एक नाण्यांपैकी चारशे बारा नाणी जंगलात घरोघरी पोचली. हे गणित काही जुळत नाही, असं फक्त एकाला वाटलं.

त्यांचं नाव काटेकर. जातीने साळिंदर. मोहफुलांच्या बाजारात त्यांनी तीस वर्षं तराजू धरला होता. तराजूचा काटा मधोमध येऊन थांबेपर्यंत ते श्वास सोडत नसत. त्यामुळे गर्दीच्या दिवसांत ते दोनदा चक्कर येऊन पडले होते. त्यांच्याकडे आजोबांचं एक पंचाननी नाणं होतं. ते त्यांनी वजन म्हणून वापरलं. नाणं बरोबर एक तोळा भरायचं, म्हणजे शहाण्णव गुंजा. गुंजा म्हणजे वेलीवरच्या त्या लाल बिया, काळ्या ठिपक्याच्या. सगळ्या सारख्या वजनाच्या असतात, म्हणून तोलायला बऱ्या.

पहिल्यांदा ससा आला.

"काका, हे जरा बघता का? कालच लिलावात मिळालं. गरुड आणि वाघ दोघांना मागे टाकून घेतलं."

"गरुड आणि वाघ लिलावात होते?"

"नावं तशी होती. 'गरुड नव्व्याण्णव' आणि 'खरा वाघ'."

काटेकरांनी नाणं पारड्यात टाकलं. एक्याऐंशी गुंजा. मग लोहचुंबक जवळ नेला. नाणं टुणकन उडी मारून त्याला चिकटलं.

"ससोबा, चांदी लोहचुंबकाला चिकटत नाही," ते हलक्या आवाजात म्हणाले.

सशाने थोडा वेळ विचार केला. "म्हणजे माझ्या नाण्यात चांदीपेक्षा जास्त काहीतरी आहे," तो म्हणाला, आणि आनंदाने घरी गेला.

मग मोर आला. त्याच्या नाण्याच्या कडेवर बारीक रेघ होती.

"ही शिवण बघा," काटेकर म्हणाले. "दोन साच्यांमध्ये धातू ओतला, की जोडावर अशी शिवण राहते. महाराजांची नाणी ठोकून पाडलेली होती. त्यांना शिवण नसते."

"शिवलेलं आहे म्हणजे मजबूत असणार," मोर म्हणाला.

"आणि हा महाराजांच्या डाव्या कानाखालचा ओरखडा. सशाच्या नाण्यावर हाच ओरखडा होता, याच जागी, एवढाच. दोन नाणी एकाच ठिकाणी सारखी कशी ओरबाडली जातील? ओरखडा साच्याला आहे."

"ओरखडा महाराजांनाच असेल," मोर म्हणाला, आणि पिसारा आवरून निघून गेला. त्यानंतर तो काटेकरांशी बोलेनासा झाला.

असं करत करत जंगलातलं निम्मं येणंजाणं तुटलं. काटेकरकाकू एक दिवस म्हणाल्या, "अहो, खरं आहे म्हणून सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? मोराने एखादं पीस तरी दिलं असतं."

"अगं, काटा एक्याऐंशीवर थांबतो."

"मग पुढे ढकलायचा."

काटेकरांना रात्रभर झोप लागली नाही. काटा पुढे ढकलायचा, हा विचार त्यांच्या घरात आजवर कुणी मोठ्याने बोललं नव्हतं.

या सगळ्यात त्यांचा एकच मित्र टिकून होता. भालेराव अस्वल. त्याचं कारण असं, की भालेरावांनी त्यांना नाणी कधी दाखवलीच नव्हती. दोघं रोज दुपारी मोहाखाली बसायचे, पडलेली फुलं खायचे आणि पावसापाण्याचं बोलायचे.

पण नाणी भालेरावांकडेही होती. एक दिवस ते म्हणाले, "काटेकर, गुहेवर चला. सोमवारी संग्रहालयाचं उद्घाटन आहे. महाराज येणार आहेत. त्याआधी तुम्ही बघावं असं वाटतं."

गुहेत भिंतीला लागून फळी होती आणि फळीवर चाळीस नाणी मांडली होती. वर पाटी होती, 'कै. इंदुबाई भालेराव नाणे संग्रहालय'.

इंदुबाई भालेरावांच्या पत्नी. त्यांना जाऊन चार वर्षं झाली होती. त्यांच्या गळ्यात माहेरून आलेलं एक पंचाननी नाणं असायचं. शेवटच्या पावसाळ्यात नदी ओलांडताना ते पडलं आणि वाहून गेलं. हे काटेकरांना ठाऊक होतं. त्या वेळी दोघांनी मिळून आठ दिवस नदी चाळली होती.

"मला काही नाणी जमवायची नव्हती," भालेराव म्हणाले. "मला तिचं शोधायचं होतं. म्हणून पहिलं नाणं घेतल्यावर मोतीरामला विचारलं, की भोक असलेलं नाही का एखादं? तिच्या नाण्याला दोरा ओवायला भोक होतं. तर काय योगायोग बघा, दुसऱ्याच दिवशी भोक असलेलं आलं. मग मी सांगितलं, भोक जरा उजवीकडे होतं. पुढचं आलं ते उजवीकडे भोक असलेलं. मग मला आठवलं, की रागावली की ती नाणं चावायची. कडेला दाताची खूण होती. तसंही आलं. असं जवळ जवळ येत हे चाळिसावं. हे तिचंच आहे. सगळं जुळतं."

ते चाळिसावं नाणं त्यांनी वेगळं, शेवाळावर ठेवलं होतं.

काटेकरांच्या अंगावरचे काटे एकेक करून उभे राहायला लागले. ते त्यांनी हाताने दाबून बसवले. "या सगळ्यांचं काय दिलंत?"

"मधाच्या पोळ्यांची झाडं. सात होती, सहा दिली. आता हे दारातलं राहिलंय. तेही परवा द्यायचंय. मोतीराम म्हणतो, महाराजांसमोर मांडायचं तर प्रमाणपत्र लागतं. झाडाच्या बदल्यात चाळिसांची चाळीस प्रमाणपत्रं देतोय. नाण्यापेक्षा कागद महाग आहे, पण चांगला जाड आहे."

दारातल्या झाडावर एवढं एकच पोळं उरलं होतं. ते गेलं तर भालेराव हिवाळ्यात काय खाणार होते, कोण जाणे. नाहीतर काटेकर कदाचित गप्प बसले असते. निदान तसा प्रयत्न तरी त्यांनी केला असता.

"भालेराव, चाळिसाव्याच्या कानाखाली ओरखडा आहे. सगळ्यांच्याच कानाखाली आहे. ही नाणी मोतीरामच्या बिळात ओतलेली आहेत. तुम्ही जे जे सांगत गेलात, ते ते तो करत गेला."

भालेरावांनी शेवाळावरचं नाणं पंजाखाली झाकलं.

"तुमचा काटा जुना झालाय, काटेकर," ते म्हणाले. "आता तुम्ही जा."

दुसऱ्या दिवशी दुपारी काटेकर मोहाखाली जाऊन बसले. भालेराव आले नाहीत. काटेकरांनी चार फुलं खाल्ली. ती कडू लागली.

सोमवारी ते तराजू आणि आजोबांचं नाणं घेऊन उद्घाटनाला गेले. काकू म्हणाल्या, "आपल्याला कुणी बोलावलंय का?" कुणी बोलावलं नव्हतं. पण पहिल्या रांगेत मोतीराम चाळीस जाड कागद मांडीवर घेऊन बसलेला त्यांना दिसला, आणि कागद अजून त्याच्याच मांडीवर आहेत म्हणजे झाड अजून भालेरावांचंच आहे, हेही लक्षात आलं.

फीत कापायला तिसरे पंचानन महाराज उठले, तेव्हा काटेकर पुढे झाले.

"महाराज, मी मोहबाजारातला तोलारी. कागद द्यायच्या आधी नाणी एकदा तोलावीत, एवढंच म्हणणं आहे."

महाराजांना गंमत वाटली. उद्घाटनात सहसा काही घडत नसे. "तोला," ते म्हणाले.

काटेकरांनी एका पारड्यात आजोबांचं नाणं ठेवलं, दुसऱ्यात भालेरावांचं पहिलं. भालेरावांचं वर गेलं. दुसरं ठेवलं, तेही वर गेलं. चाळीसही वर गेली. भालेराव गुहेच्या तोंडाशी बसून दारातल्या झाडाकडे बघत होते.

"यात खरं कोणतं आणि खोटं कोणतं?" महाराजांनी विचारलं.

मोतीराम चटकन उठला. "महाराज, खऱ्याची पारख खऱ्यानेच व्हावी. आपल्या मुकुटात पंचाननी नाणं आहे. तेच तोलू द्या."

मुकुटातलं नाणं कुठून आलं, हे मोतीरामपेक्षा चांगलं कुणालाच माहीत नव्हतं.

मुकुट उतरवला. नाणं काढलं. काटेकरांनी ते तोललं, आणि श्वास रोखून काट्याकडे बघत राहिले. एक्याऐंशी गुंजा. महाराजांच्या कानाखाली ओरखडा.

प्रधानपदावर तेव्हा तरस होते. ते हळूच पुढे आले.

"काटेकर, तुमचं नाणं महाराजांच्या नाण्यापेक्षा जड आहे?"

"हो."

"किती?"

"पंधरा गुंजा."

"म्हणजे त्यात कुणीतरी पंधरा गुंजांची भेसळ केली आहे."

"चांदीची, प्रधानजी."

"भेसळ ती भेसळ," प्रधान म्हणाले. "आणि बघा, मुकुटातलं एक, इथली चाळीस, घरोघरची चारशे. सगळी एका वजनाची. वेगळं भरतं ते एकटं तुमचं. जंगलात एकटं कोण असतं? चोर."

तिथल्या तिथे ठराव झाला. एक्याऐंशी गुंजा भरेल ते नाणं खरं. शहाण्णव भरेल ते खोटं. काटेकरांचं नाणं जप्त झालं आणि लोकशिक्षणासाठी त्याच संग्रहालयात ठेवण्यात आलं. त्याखाली पाटी लागली, 'खोटे नाणे. असे असते.' मात्र हा फरक करायला तोलारी लागणार होता आणि जंगलात तराजू एकच होता. म्हणून प्रधानांनी काटेकरांनाच खोट्या नाण्यांचे राजतपासनीस नेमलं.

मोतीरामची प्रमाणपत्रं तशीच त्याच्या मांडीवर राहिली. सगळी नाणी ठरावानेच खरी झाल्यावर कागद हवाय कुणाला? भालेरावांचं झाड वाचलं. ते कसं वाचलं हे काटेकरांना शेवटपर्यंत नीट समजलं नाही. पण घरी जाताना त्यांनी ते लांबून दोनदा वळून पाहिलं.

पुढचे आठ दिवस ते बिळाबाहेर पडले नाहीत. नवव्या दिवशी दुपारी दाराशी सावली पडली. भालेराव उभे होते. त्यांच्या पंजात जप्त केलेलं नाणं होतं.

"काटेकर, हात पुढे करा."

काटेकरांनी हात पुढे केला. भालेरावांनी त्यावर नाणं ठेवलं. मग ते परत घेतलं आणि स्वतःच्या पंजावर ठेवलं.

"धूळ पुसायला उचललं," ते म्हणाले. "इंदू झोपली की तिच्या गळ्यातलं नाणं माझ्या पंजावर यायचं. असंच. एवढंच जड. मी मोतीरामला भोक सांगितलं, दात सांगितले. वजन सांगायचं राहिलं. ते मी पार विसरलो होतो."

"बसा," काटेकर म्हणाले.

"ती चाळीस अगदी हलकी आहेत हो. हातात घेतली की काहीच घेतल्यासारखं वाटत नाही. तुम्हाला जा म्हणालो, ते काही बरं केलं नाही मी."

काकूंनी आतून मोहफुलं आणून ठेवली. दोघांनी ती खाल्ली.

दरम्यान एक वेगळीच गंमत झाली होती. संग्रहालयात चाळीस खऱ्या नाण्यांकडे कुणी फिरकत नव्हतं. तसली सगळ्यांच्या घरी होतीच. गर्दी व्हायची ती खोट्या नाण्यासमोर. खोटं नाणं जंगलात एकच होतं. दुर्मिळ होतं. ते आपल्याकडेही असावं असं सगळ्यांना वाटायला लागलं.

आणि एका सकाळी मोबाइलवर लिलाव सुरू झाला. 'अस्सल खोटं पंचाननी नाणं. एकच नग शिल्लक.'

ससा दुपारी धापा टाकत काटेकरांकडे आला. त्याने बिळाची मागची खोली देऊन नाणं घेतलं होतं. "काका, आता तुम्ही सरकारी झालात. हे खोटं आहे ना, तेवढं बघा."

काटेकरांनी तोललं. मोतीरामने जुनाच साचा वापरला होता.

"एक्याऐंशी," ते म्हणाले. "ससोबा, वाईट वाटतं सांगायला. हे खरं आहे."

"नीट बघा हो."

"दोनदा बघितलं. ठरावाप्रमाणे अगदी खरं आहे. तुमची फसवणूक झाली आहे."

ससा ओक्साबोक्शी रडायला लागला. संध्याकाळपर्यंत तीस जनावरं खरी नाणी हातात घेऊन दाराशी रडत उभी होती. त्यांत मोरही होता. तो काटेकरांशी पुन्हा बोलायला लागला, पण हुंदक्यांमुळे काही कळत नव्हतं.

मोतीरामला धरून दरबारात उभं केलं. काटेकरांनी नाणी तोलून दाखवली. मोतीराम घाबरून गेला आणि जन्मात पहिल्यांदा खरं बोलला.

"महाराज, ही खोटीच आहेत. मी स्वतः ओतलीत. साचा आणून दाखवतो. घरी पाहुणे कधीच नव्हते."

"गप्प बस," महाराज म्हणाले. त्यांनी मुकुटाला हात लावून पाहिला. "आमच्या वजनाच्या नाण्याला खोटं म्हणतोस? खरी नाणी खोटी म्हणून विकलीस आणि आता वर साळसूदपणे कबुलीजबाब देतोस. ज्यांनी ज्यांनी खोटं नाणं घेतलं, त्यांना खोटंच नाणं मिळालं पाहिजे. तपासनीस सांगतील तसं."

सगळ्यांनी काटेकरांकडे पाहिलं. त्यांनी खाली बघून घसा साफ केला.

"शहाण्णव गुंजा," ते म्हणाले. "चांदीचं. ठोकून पाडलेलं. शिवण नको. लोहचुंबकाला चिकटता कामा नये. यात काही कमी पडलं, तर ते खोटं धरलं जाणार नाही."

चांदीसाठी मोतीरामला डोंगरापलीकडच्या खाणवाल्या घुशींकडे जावं लागलं. सशाची खोली सशाला परत गेली, मोतीरामकडची भालेरावांची सहा झाडं चांदीच्या बदल्यात घुशींनी घेतली, आणि तो दोन महिने ऐरणीवर खोटी नाणी ठोकत बसला. एकेका नाण्यापायी त्याला रडू येत होतं. शेवटी मात्र त्याचा हात असा बसला, की काटेकरांना एकही नाणं परत पाठवावं लागलं नाही. इतकी चोख खोटी नाणी त्या जंगलात पूर्वी कुणी पाहिली नव्हती.

तीस नाणी वाटून झाल्यावर मोतीराम संग्रहालयापाशी आला. काटेकर आणि भालेराव बाहेर उन्हात बसले होते. भालेरावांनी खोटं नाणं घेतलेलं नव्हतं, त्यामुळे त्यांचं काही देणं लागत नव्हतं. तरी मोतीरामने एक नाणं काढून त्यांच्यासमोर ठेवलं.

"एक जास्त झालं," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "भोक पाडून देऊ का? उजवीकडे? दाताची खूण मला पाठ आहे."

भालेरावांनी नाणं पंजावर घेतलं. डोळे मिटून बराच वेळ तसेच बसून राहिले. काटेकरांनी नकळत श्वास रोखला होता.

"वजन बरोबर आहे," भालेराव म्हणाले. "काम चांगलं केलंस. पण हे तिचं नाही. तिचं नदीत आहे."

त्यांनी नाणं मोतीरामला परत दिलं, गुहेचं दार ओढून घेतलं आणि दोघं मित्र मोहाकडे चालायला लागले.

तात्पर्य : मुलांनो, खोटी नाणी खरी म्हणून विकणं वाईट आहे, पण ते चालतं. खरी नाणी खोटी म्हणून कधी विकू नयेत, त्याला शिक्षा आहे. तेव्हा लिलावात उतरण्याआधी या आठवड्यात खरं कशाला म्हणायचं ठरलंय, ते प्रधानांच्या कचेरीत विचारून घ्यावं. विकणाऱ्याला आपल्या दुःखाचं माप देऊ नये, तो त्याच मापाचं नाणं पाठवून देतो. आणि तराजू शक्यतो घरीच ठेवावा. सोबत नेलात तर सरकारी नोकरी लागते.